जुन्या हेडफोनचा एक कान सारखा मुका होतोय? ड्रायव्हरला दोष देण्याआधी हे बघा

तक्रार नेहमी एकाच चालीवर असते. जुना हेडफोन हौसेने घेतला, काही दिवस झकास वाजला, मग उजवा कान गेला. वायर जरा हलवली की आवाज परत. दुकानात नेऊन नवी पिन बसवून घेतली, थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. शेवटी कोणीतरी निकाल देऊन टाकतं, ‘ड्रायव्हर गेलाय, आता पार्ट मिळत नाही.’ हेडफोन माळ्यावर जातो.

या निकालाची फार घाई होते असं माझं मत आहे. जो आवाज जातो आणि वायर हलवल्यावर परत येतो, तो देणारा ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकर, शाबूत असतो. त्यातली तुटलेली कॉइल, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, पिनेजवळची वायर हलवून जुळत नाही. दोष आहे तो ड्रायव्हरपर्यंतच्या वाटेत: पिन, वायर, वायर कपात शिरते ती जागा, कपावरचा खटका, डोक्यावरून पलीकडे जाणारी तार. दुरुस्तीनंतरही दोष परत का येतो? एक तर दुरुस्ती भलत्याच जागी झालेली असते. नाहीतर जागा बरोबर असते, पण तिथे तार का तुटली, हे कोणी बघितलेलं नसतं.

खाली लिहिलंय ते साधारण १९६० ते १९९० या काळातल्या साध्या, म्हणजे कॉइल-चुंबकाच्या हेडफोनसाठी. यामाहाच्या १९७६ च्या एचपी-१ सारख्या ऑर्थोडायनॅमिक (कॉइल पडद्यावरच छापलेल्या) जातीलाही यातलं बरंच लागू पडेल. स्टॅक्ससारख्या इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनवर मात्र यातलं काहीही करून बघू नका. त्यांच्या आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याला बायस, म्हणजे सतत लागणारा विद्युतदाब, म्हणून जुन्या मॉडेलांत २३० व्होल्ट आणि नंतरच्या ‘प्रो’ जातीत ५८० व्होल्ट दिलेले असतात. ते हौशी माणसाच्या टेबलावरचं काम नव्हे.

दोष हेडफोनचाच आहे ना?

आधी त्याच जॅकला दुसरा कुठलाही चालू हेडफोन लावून बघा. जुन्या रिसीव्हरच्या (रेडिओसकट ॲम्प्लिफायर) आणि कॅसेट डेकच्या ६.३५ मिमी जॅकमध्ये पुष्कळदा स्पीकर बंद करणारे खटके असतात. त्यांच्या पत्र्यांवर काळपट थर चढला की एक बाजू गायब होते. व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमी-जास्त करायचा फिरता भाग) झिजला असेल तर कमी आवाजात एक बाजू मागे पडते आणि आवाज वाढवला की दोन्ही सारख्या होतात. यातलं काही दिसलं तर हेडफोन उघडायचं कारणच उरत नाही.

मग हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. मंदपणा कपाबरोबर सरकला तर पुढे वाचा. तो त्याच कानाला चिकटून राहिला तर कान डॉक्टरांना दाखवा. चेष्टा करत नाहीये. कानातल्या मळापायी धडधाकट हेडफोन उघडून ठेवणारे लोक आहेत.

दोन्ही बाजू सारख्याच मंद वाजत असतील तर तो बिघाड नाही, इंपिडन्सचा, म्हणजे हेडफोन विजेला करतो त्या विरोधाचा, हिशेब आहे. सेनहायझरचा एचडी ४१४, तो पिवळ्या फोमचा, १९६८ साली आला आणि उघड्या पाठीच्या हेडफोनची प्रथा त्याने पाडली. त्याच्या मूळ आवृत्तीचा इंपिडन्स २००० ओहम आहे. तेवढ्या ओहमला १ मिलिवॅट पोचवायला सुमारे १.४ व्होल्ट लागतात, आणि फोनला हेडफोन जोडायचा साधा डोंगल १ व्होल्टच्या आसपासच दमतो. जुन्या रिसीव्हरमध्ये स्पीकरच्याच ॲम्प्लिफायरमधून रेझिस्टर लावून हेडफोनचा जॅक काढलेला असायचा. तिथे हाच एचडी ४१४ मोकळ्या गळ्याने गातो. एकेजीच्या ६०० ओहमच्या जुन्या के२४० ची गोष्ट तीच. ‘आवाजच नाही’ म्हणून असे हेडफोन कवडीमोलाने विकले जातात. संग्रहवाल्यांचं त्यात भलं होतं, तो भाग वेगळा.

मोनो गाणं लावा

उघडण्याआधीची सगळ्यात उपयोगी चाचणी म्हणजे मोनो रेकॉर्डिंग. आपल्याकडे त्याला तोटा नाही. आकाशवाणीवरची जुनी भावगीतं, पन्नासच्या दशकातली चित्रपटगीतं, सगळं मोनो. तेही नसेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते चालू करा. आता दोन्ही कानांना हुबेहूब एकच सिग्नल जातोय.

गायकाचा आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी आला तर वायरिंग ठीक. एकाच कानात आला तर दुसऱ्या बाजूची तार कुठेतरी तुटली आहे. इथपर्यंत कोणालाही कळतं.

गोंधळ होतो तो तिसऱ्या प्रकारात. गाणं जवळजवळ नाहीसं होतं, दोन्ही कानांत काहीतरी लांबवरची कुजबूज उरते. स्टीरिओ गाणं लावलं तर वाद्यं आणि घुमारा ऐकू येतो, पण गायकच गायब. लोक म्हणतात दोन्ही ड्रायव्हर गेले. प्रत्यक्षात एकही गेलेला नसतो, ग्राउंड तुटलेली असते. पिनेचं टोक डाव्या बाजूचं, मधली कडी उजव्या बाजूची आणि मागचा लांब दांडा दोघांची सामाईक ग्राउंड. ती सुटली की दोन्ही ड्रायव्हर एकामागे एक जोडले जातात आणि त्यांना डाव्या-उजव्यातला फक्त फरक मिळतो. गायक दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो वजा होतो. मोनो गाण्यात तर सगळंच सारखं, म्हणून सगळंच वजा. हे लक्षण दिसलं की कपांना हात लावू नका. दोष बहुधा पिनेत किंवा पिनेलगतच्या वीतभर वायरमध्ये सापडतो.

चौथा प्रकार आधीच्या दुरुस्तीची देणगी आहे. दोन्ही बाजू वाजतात, पण आवाज मध्यभागी न बसता दोन कानांबाहेर पसरतो आणि खर्ज पातळ होतो. कोणीतरी एका कपात अधिक-उणे उलटं जोडलंय. एका बाजूच्या दोन तारांची अदलाबदल केली की काम झालं.

मीटर लावताना

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. टोक ते दांडा आणि कडी ते दांडा असं दोनदा मोजा. आकडा छापील इंपिडन्सपेक्षा थोडा कमी येईल, कारण मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो. महत्त्वाचं हे की दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या याव्यात. कमी रेंजवर मोजताना ड्रायव्हरमधून बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो, तोही जिवंतपणाची खूण समजा.

आता एक फसवी जागा. २००० ओहमचा हेडफोन तुम्ही मीटरच्या २००० च्या रेंजवर लावलात तर आकडा रेंजबाहेर जाऊन नुसता १ दिसू शकतो. सर्किट तुटलेलं असलं तरीही तोच १ दिसतो. रेंज २०के वर न्या, मगच मत बनवा. निव्वळ या एका आकड्यामुळे चांगले ड्रायव्हर भंगारात गेल्याचं मी पाहिलंय.

कपावर व्हॉल्यूमची चाकं असतील तर मोजताना ती पूर्ण वर ठेवा, नाहीतर पॉटचा रेझिस्टन्स आकड्यात मिसळतो.

तुटलेली जागा शोधणं

लूज कॉन्टॅक्ट शोधायला मीटरपेक्षा कान तेज असतो. मीटरचा आकडा बदलायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात कॉन्टॅक्ट परत जुळलेला असतो. फोनवर टोन देणारं एखादं ॲप घेऊन ४०० हर्ट्झचा सलग सूर लावा, आवाज कमी ठेवा, हेडफोन डोक्यावर चढवा आणि पिनेपासून सुरुवात करा.

वायर नुसती गदागदा हलवली तर काहीच कळत नाही, सगळीकडेच हलते. बोटभर लांबीचा भाग दोन्ही हातांनी धरून तेवढाच वाकवा, बाकीची वायर टेबलावर निवांत पडलेली असू द्या. सूर तुटला तिथे चिकटपट्टीची खूण करा. मग खुणेजवळ वायर दुमडून कपड्यांचा चिमटा लावा. सूर परतला आणि चिमटा असेपर्यंत टिकला तर जागा पक्की. वायरच्या आवरणात टाचणी खुपसून मोजायची पद्धत काही जण सांगतात. ती नको. त्या भोकातून ओल आत शिरते आणि पुढची तार तिथेच हिरवी पडते.

संशयाच्या जागा ठरलेल्या आहेत. पिनेच्या मागचा रबरी गळा संपतो तो बिंदू पहिला. वायर कपात शिरते ती जागा दुसरी. एका बाजूनेच वायर येणाऱ्या हेडफोनात तिसरी जागा डोक्यावरच्या पट्ट्यात. सोनीच्या एमडीआर-व्ही६ मध्ये (१९८५ चा, ६३ ओहम) पलीकडे जाणारी तार कपाच्या घडीपाशी उघडी दिसते आणि प्रत्येक घडीला वाकते. के२४० मध्ये ती डोक्यावरच्या कमानीतून जाते. अशा हेडफोनात फक्त पलीकडचा कान जात असेल आणि पट्टा लांब-आखूड करताना आवाज येत-जात असेल तर पिन बदलून काहीएक होणार नाही. दुकानातल्या दुरुस्त्या इथेच वाया जातात: तक्रार ‘एक कान बंद’ आली की हात थेट पिनेकडे.

पिन बदलूनही दोष का परततो

माझ्या संग्रहात सत्तरच्या दशकातला एक बंद पाठीचा जोड आहे, दोन्ही कपांवर व्हॉल्यूमची चाकं आणि एकावर स्टीरिओ-मोनोचा खटका. तो आला तेव्हा त्याची पिन आधीच बदललेली होती आणि तरी डावी बाजू पिनेशीच जात होती. पिनेचं धातूचं टोपण फिरवून मागे सारलं. वरवर काम नीट दिसत होतं, टॅबवर, म्हणजे तार जोडायच्या पत्र्यावर, सोल्डरचा चांगला चकचकीत गोळा. तार चिमट्याने हलकेच ओढली तर ती गोळ्यातून अलगद बाहेर आली, आणि तिच्यावरचा लाल मुलामा जसाच्या तसा होता. सोल्डर तारेभोवती बसलं होतं, तारेला लागलंच नव्हतं. टोपणाच्या आतली वायर पकडणारी पत्र्याची दोन पानं उघडीच राहिली होती, म्हणजे वायर ओढली की सगळा ताण त्या गोळ्यावर. आवरण थोडं मागे सोललं तर आत तांबं काळंठिक्कर.

दोष परतण्याची तिन्ही मोठी कारणं त्या एका पिनेत होती.

पहिलं कारण काळी तार. पीव्हीसी, ओल आणि तांबं वर्षानुवर्षं एकत्र राहिलं की तार आतून काळी किंवा हिरवी होते आणि सोल्डर धरत नाही. तुटलेल्या जागेलगत कापून काम भागत नाही. आत चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. वायर वीतभर आखूड झाली तरी चालेल. अखंड काळी निघाली तर पूर्ण वायर बदलण्याला पर्याय नाही.

दुसरं कारण मुलामा. हेडफोनच्या वायरीत बऱ्याचदा साध्या तारांऐवजी रंगीत लाखेचा मुलामा दिलेल्या बारीक तारा असतात, किंवा सुती-नायलॉनच्या दोऱ्यावर गुंडाळलेली तांब्याची चपटी पट्टी असते. मुलामा ब्लेडने खरवडायला गेलात तर निम्म्या तारा तुटतात. सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घ्या, तारेला रोझिन फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची राळ) लावा आणि तारेचं टोक त्या थेंबात धरून ठेवा. ३८० ते ४०० अंश सेल्सियसला मुलामा जळून धूर येतो आणि तार रुपेरी होते. खिडकी उघडी ठेवा, तो धूर चांगला नसतो. टोक रुपेरी झाल्याशिवाय ते टॅबला लावायचं नाही. दोऱ्यावरची पट्टी असेल तर तिच्याभोवती साध्या वायरमधली एक बारीक तांब्याची तार घट्ट गुंडाळा आणि दोन्हीला मिळून सोल्डर द्या, कारण दोरा जळाला की नुसत्या पट्टीत जीव राहत नाही.

पिनेवर सोल्डर मारताना ती एखाद्या सुट्या फीमेल सॉकेटमध्ये खोचून ठेवा. उष्णतेने पिनेतलं प्लास्टिक मऊ पडतं आणि टोक वाकडं बसतं. सॉकेटमध्ये असली की सगळे भाग जागेवर राहतात. लाल तार बहुतेक उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांबूस ग्राउंड. पण जुन्या मालात रंगांवर भरवसा ठेवू नका, मीटरने ठरवा.

तिसरं कारण ताण. पत्र्याची पानं वायरच्या आवरणावर दाबून बसवायची, आतल्या तारांवर नव्हे. आवरण बारीक असेल तर तिथे उष्णतेने आवळणाऱ्या स्लीव्हचे दोन थर द्या. आतल्या तारा पानापासून टॅबपर्यंत किंचित सैल राहिल्या पाहिजेत. कपाच्या बाजूला मूळ कंपनीने वायरला आत गाठ मारलेली किंवा चिमटा दिलेला असतो. वायर बदलताना ती गाठ परत मारली नाही तर पुढचा झटका थेट ड्रायव्हरच्या टॅबवर बसतो आणि मग खरोखरच ड्रायव्हर जातो.

एक गोष्ट दुरुस्तीबाहेरची. ३.५ मिमीच्या पिनेला ६.३५ चा अखंड धातूचा ॲडॉप्टर लावून रिसीव्हरला जोडलं की ती लांबलचक दांडी जॅकमध्ये तरफेसारखं काम करते. जॅक सैल होतो, पिनेचा गळा मोडतो. लवचीक वायरचा आखूड ॲडॉप्टर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास अशा पिना आणि ॲडॉप्टर मिळायला अडचण येत नाही. फक्त साच्यात ओतलेली प्लास्टिकची नको, टोपण उघडणारी आणि आत पानं असलेली धातूची मागा. काढलेली मूळ पिन टाकू नका. विकताना तिची किंमत येते.

कपाच्या आत

कपावर व्हॉल्यूमची चाकं किंवा खटके असलेले हेडफोन खरखरीसाठी बदनाम आहेत. त्यांच्या पॉटमध्ये कार्बनचा पट्टा असतो. वर्षानुवर्षं चाक एकाच जागी राहिलं की तिथे घाण बसते. बंद असताना चाक टोकापासून टोकापर्यंत बऱ्याचदा फिरवा, अर्धी खरखर तेवढ्यानेच जाते. उरली तर पॉटसाठी असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर थेंबभर, तोही नळीने आत, ड्रायव्हरपासून लांब. गंजलेल्या बिजागऱ्यांवर मारतात तो स्प्रे इथे वापरू नका. त्याचं तेल आत राहतं, धूळ धरतं आणि खरखर दुप्पट होऊन परत येते.

एचडी ४१४ सारख्या हेडफोनात वायर दोन पिनांच्या कनेक्टरने कपात खोचलेली असते. सोय चांगली, पण एक कान गेला तर दोष आधी त्या खाचेत शोधा. वायर दोन-चार वेळा काढून-घालून आवाज आला तर दोष सापडला, पण तो गेला असं नव्हे. पिनांवरची काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खाच सैल झाली असेल तर आतली पकड सुईने अगदी हलकी आवळा. काच पेपर मात्र कदापि नाही. कॉन्टॅक्टवर पातळ मुलामा असतो. तो घासून काढला की आजचा दिवस छान वाजतं, पण पुढच्या पावसाळ्यात उघडा धातू आधीपेक्षा लवकर काळा पडतो. ‘दरवर्षी साफ करावं लागतं’ म्हणणाऱ्यांच्या कनेक्टरवर बहुतेकदा असे ओरखडे दिसतात.

फडफड आणि बसलेला आवाज

सगळीच खरखर विजेची नसते. विशिष्ट स्वरालाच, तबल्याच्या डग्ग्याला किंवा तंबोऱ्याच्या खर्जाला एक कप फडफडत असेल आणि वायर हलवून काही फरक पडत नसेल तर पडद्यावर काहीतरी बसलंय. ते पुष्कळदा केस असतं, कानापाशी तुटलेलं एखादं. किंवा फोमचा चुरा.

फोम हा जुन्या हेडफोनचा खरा शत्रू. ड्रायव्हरसमोर पॉलियुरेथेन फोमची पातळ चकती असते. हवेतल्या बाष्पाने तिचे रेणू तुटत जातात, आधी ती चिकट होते, मग बोट लावलं तरी भुगा. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे कोरड्या गावापेक्षा लवकर होतं. तो भुगा जाळीच्या भोकांतून पडद्यावर जातो. तपासायला ३० ते १०० हर्ट्झचा सूर हळू आवाजात चढवत न्या, फडफड नेमकी कुठे लागते ते कळेल.

काढताना कप उपडा धरा, चुरा खाली पडू द्या. मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा हवा मारायचा रबरी फुगा पुरतो. व्हॅक्यूम क्लीनर आणि दाबाखालची हवा दोन्ही पडदा फाडतात. आणि स्टीलचा चिमटा टेबलावरून उचलूनच ठेवा. ड्रायव्हरच्या चुंबकाने तो खेचला की टोक सरळ पडद्यात जातं, सावरायला वेळ मिळत नाही. पितळी किंवा प्लास्टिकचा घ्या, नाहीतर बांबूची काडी. ज्या टेबलावर लोखंड कानसलंय तिथे उघडा ड्रायव्हर ठेवायचा नाही, चुंबकाने ओढलेले कण फटीत गेले की निघता निघत नाहीत.

एका बाजूचा खर्ज कमी आणि फडफड नाही, अशा वेळी कप हलकेच कानावर दाबून बघा. खर्ज परतला तर पॅड कडक झालाय, हवा निसटतेय. डावा-उजवा पॅड बदलून लावा. दोष पॅडबरोबर गेला की नवे पॅड घ्या, जोडीनेच, कारण एकच नवा घातला तर दोन कानांचा आवाज पुन्हा वेगळा होईल. पॅडची जाडी आवाज बदलते. मूळच्यापेक्षा जाड, गुबगुबीत पॅड डोक्याला सुखाचे लागतात, पण हेडफोन मग तो राहत नाही.

पावसाळ्याची सोय

झाकण घट्ट लागणारा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलणारी जात असेल तर ती कधी तापवायची ते कळतं. कॅमेऱ्यासाठीचं कोरडं कपाट असेल तर उत्तमच. मूळ खोक्यात, मूळ फोमच्या साच्यात ठेवू नका. संग्रहाच्या दृष्टीने ते देखणं दिसतं, पण तो फोमही तसाच विरघळतो आणि हेडफोनला चिकटतो. वायर कपांभोवती गुंडाळू नका, सैल वेटोळं करून बाजूला ठेवा. स्प्रिंगसारखी गुंडाळीची वायर जड असते. हेडफोन स्टँडवर टांगून ती खाली लोंबत ठेवली की कपातल्या गाठीवर दिवसरात्र भार. जुनी वायर चिकट झाली असेल तर आवरणातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) बाहेर येतंय. अल्कोहोलने पुसून थोडे दिवस निभावतं, नंतर ती बदलावीच लागते. आणि डबा बंद करून विसरू नका. अधूनमधून काढून ऐका. पिन जॅकमध्ये घालता-काढताना कॉन्टॅक्ट आपोआप घासून स्वच्छ राहतात.

ड्रायव्हर खरंच गेला असेल तर

वायर काढून थेट ड्रायव्हरच्या टॅबवर मीटर लावला आणि कुठल्याच रेंजवर काही आलं नाही, तरच हा निकाल. तेव्हाही भिंग घेऊन बघा. कॉइलपासून टॅबपर्यंत केसासारखी तार येते आणि ती टॅबपाशीच तुटलेली असण्याची शक्यता बरीच असते. पुढे अर्धा सेंटिमीटर तार उरली असेल तर दुसरी बारीक तार जोडून काम होतं. हात स्थिर हवा, आयर्नचं टोक सुईसारखं हवं आणि स्पर्श एक-दोन सेकंदांचा, कारण भोवतीचं प्लास्टिक लगेच वितळतं. ऑर्थोडायनॅमिकमध्ये कॉइल म्हणजे पडद्यावर छापलेली नागमोडी पट्टी. ती टोकाला तुटली असेल तर आशा आहे, मध्ये तुटली असेल तर सोडून द्या.

नाहीतर दाता शोधायचा, त्याच मॉडेलचा मोडका हेडफोन. इथे नावावर जाऊ नका. एचडी ४१४ मूळचा २००० ओहमचा, पण त्याच्या नंतरच्या काही आवृत्त्या बऱ्याच कमी ओहमच्या. बाहेरून सगळी भावंडं दिसतात. एका कपात जुना आणि दुसऱ्यात नंतरचा ड्रायव्हर बसवला तर एक कान कायमचा मोठा वाजेल आणि तुम्ही पुन्हा पिन, वायर, खाच तपासत बसाल. दात्याचे दोन्ही ड्रायव्हर मोजून घ्या आणि शक्यतो दोन्ही एकदमच बदला. तुमचा उरलेला चांगला ड्रायव्हर कागदात गुंडाळून, त्यावर मॉडेल आणि ओहम लिहून ठेवा. उद्या तसाच एका कानाचा हेडफोन घेऊन कोणीतरी तुम्हालाच विचारायला येईल.